क्रिएटिनिन २.२ आलं म्हणजे पप्पांची किडनी गेली का?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर मॅडम, मी मूळची बार्शीची, सध्या पुण्यात जॉबला आहे. वय २९, त्यामुळे मला अगं-तुगं केलंत तरी चालेल. माझे पप्पा एसटीत ड्रायव्हर होते, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले, आता ६० चे आहेत. शुगर १५ वर्षांपासून, बीपी पण आहे. कंबर आणि गुडघ्यासाठी वर्षानुवर्षं मेडिकलमधून गोळी आणून घेतात. गेल्या महिन्यात पायावर सूज आली म्हणून रक्त तपासलं तर क्रिएटिनिन २.२. आमचे डॉक्टर म्हणाले किडनीवर परिणाम झालाय, नेफ्रॉलॉजिस्टला दाखवा. तेव्हापासून घरात नुसता गोंधळ. मामा म्हणतात गोळ्या खाऊन खाऊनच किडनी गेली, म्हणून पप्पांनी बीपीची गोळीच बंद केलीय. आत्याच्या मिस्टरांनी एका वैद्याचा काढा आणून दिलाय, तीन महिन्यात क्रिएटिनिन नॉर्मल अशी गॅरंटी आहे म्हणे. शेजारचे म्हणतात रोज शहाळं द्या आणि चार लिटर पाणी पाजा. पप्पांनी डायलिसिसचा धसका घेतलाय, एकदा मशीनवर चढलं की माणूस उतरत नाही म्हणतात. आई म्हणते माझी एक किडनी द्या आणि विषय संपवा. हे बरं होणार का? किती वेळ आहे आमच्याकडे? आणि दादाला आणि मला पण होईल का हे? तीन वर्षांचे रिपोर्ट, डॉक्टरांची जुनी चिठ्ठी आणि त्या गोळीच्या पाकिटाचा फोटो जोडतेय.

उत्तर:

अगं, बाकीचं सगळं नंतर वाच, आधी तुमच्या डॉक्टरांना फोन लाव आणि सांग की पप्पांनी बीपीची गोळी महिनाभरापासून बंद केलीय. तुझ्या पत्रातली मला सगळ्यात जास्त काळजी वाटलेली गोष्ट ही आहे, २.२ नाही. तू पाठवलेल्या जुन्या चिठ्ठीवर टेल्मिसार्टन आहे. ही गोळी बीपी तर उतरवतेच, पण किडनीच्या आतला दाब पण कमी करते आणि लघवीतून जाणारं प्रोटीन अडवते, म्हणजे मामांनी नेमकी किडनी वाचवणारीच गोळी बंद करायला लावली. फक्त फोन न करता स्वतःच उद्यापासून परत चालू करू नका, कारण रिपोर्टमध्ये पोटॅशियम आधीच जरा जास्त, ५.३ आहे आणि ही गोळी पोटॅशियम थोडं वाढवते, तर कुठल्या डोसने चालू करायची, आधी पोटॅशियम परत बघायचं का, हे त्यांना ठरवू दे. आणि आज घरी बीपी मोजून तो आकडा पण त्यांना सांग.

आता रिपोर्ट. तू तीन पाठवलेस आणि ते शेजारी शेजारी ठेवून बघितले की सगळी गोष्ट दिसते, जी एकेकटा कागद बघून कुणालाच दिसली नाही. तीन वर्षांपूर्वी क्रिएटिनिन १.३, गेल्या वर्षी १.७, आता २.२. १.३ वर लॅबने काही लाल केलं नव्हतं कारण त्यांची नॉर्मल रेंज १.३ पर्यंत छापलेली आहे, मग घरी सगळे म्हणाले असणार की चला, किडनी चांगली आहे. पण क्रिएटिनिन हा नुसता स्नायूंमधून रोज तयार होणारा कचरा आहे, किडनी तो किती बाहेर टाकते हे वय आणि बाई की पुरुष हे धरून काढावं लागतं, त्या आकड्याला ईजीएफआर म्हणतात. ढोबळमानाने किडनी टक्क्यात किती चालतेय असं समज. पप्पांच्या वयाला १.३ चा ईजीएफआर येतो ६४ च्या आसपास, १.७ चा ४६ आणि २.२ चा ३३. बघ, क्रिएटिनिन दिसायला नऊ दशांशच वाढलं आणि काम निम्म्यावर आलं. म्हणूनच मी सगळ्या शुगरवाल्यांना सांगते की नुसतं क्रिएटिनिन नॉर्मल आहे म्हणून खूश होऊ नका, किडनीचं काम निम्मं संपेपर्यंत ते नॉर्मलच्या चौकटीत बसू शकतं.

त्याहून जास्त चुटपुट लावणारी ओळ लघवीच्या रिपोर्टात आहे. अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रोटीन: पहिल्या वर्षी एक प्लस, मग दोन प्लस, आता तीन प्लस. तिन्ही वेळा छापून आलंय आणि तिन्ही वेळा कागद फाइलला लागला. निरोगी किडनी प्रोटीन लघवीत जाऊ देत नाही. ते गळायला लागलं की समजायचं आतली बारीक जाळी फाटायला लागलीय, आणि डायबिटिसमध्ये हे बहुतेकदा क्रिएटिनिन वाढायच्या कितीतरी वर्षं आधी दिसतं. पप्पांना विचार, लघवीला फेस येऊन तो बराच वेळ तसाच राहतो का, बरेच पेशंट हो म्हणतात आणि वर म्हणतात की आम्हाला वाटलं उन्हाळ्यामुळे. आता पुढची टेस्ट युरिन अल्ब्युमिन क्रिएटिनिन रेशो करायची. ३० च्या खाली चांगला, ३०० च्या वर म्हणजे गळती मोठी. प्लसच्या खुणांपेक्षा हा आकडा कामाचा, कारण औषध लागू पडतंय का ते यावरून कळतं.

ईजीएफआर ६० च्या खाली किंवा लघवीत प्रोटीन, यातलं काहीही तीन महिन्यांच्या वर टिकलं की त्याला क्रॉनिक किडनी डिसीज म्हणतात. पाच स्टेज असतात, ३० ते ४४ म्हणजे तिसरीतला ब भाग, पप्पा तिथे आहेत, पण तिसरीच्या तळाला. १५ च्या खाली पाचवी. तर किडनी 'गेली' का? नाही. एक तृतीयांश आहे, आणि इथून पुढचं सगळं काम त्या एक तृतीयांशासाठी आहे. जे गेलं ते परत येत नाही, तिथे व्रण पडलाय, आणि व्रण कुठल्याच औषधाने, कुठल्याच पॅथीच्या, परत किडनी होत नाही. हे कडू आहे पण आत्ताच गिळलेलं बरं, नाहीतर पुढची दोन वर्षं चमत्कार शोधण्यात जातात आणि हातात असलेलं ३३ पण जातं.

तू विचारशील की दुखत काहीच नव्हतं, मग हे आतल्या आत वाढलं कसं. प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख बारीक गाळण्या असतात, दोन्ही मिळून दिवसाला १८० लिटरच्या आसपास पाणी गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत रक्तात घेतात. आता बघ, शेतात वीस बायका खुरपायला लावल्या आणि त्यातल्या दहा घरी गेल्या तर रान तेवढंच राहतं, उरलेल्या दहाजणी दुप्पट राबतात, संध्याकाळपर्यंत रान खुरपून होतं पण आणि बांधावरून बघणाऱ्याला वाटतं सगळं ठीक चाललंय, दुसऱ्या दिवशी मात्र त्यातल्याच दोघी-तिघी आजारी पडतात. किडनीत हेच होतं. उरलेल्या गाळण्यांवर दाब वाढतो, जास्त दाबाने त्या पण लवकर झिजतात, म्हणून मूळ कारण थोडं आटोक्यात आलं तरी एका टप्प्यानंतर आजार स्वतःच्याच जोरावर पुढे सरकतो. टेल्मिसार्टनसारखी गोळी हा आतला दाबच उतरवते, म्हणून सुरुवातीला एवढी चिडले मी.

मामांचं म्हणणं अगदीच खोटं नाही, फक्त त्यांनी चुकीची गोळी पकडली. शुगर आणि बीपीच्या गोळ्यांनी किडनी जात नाही, शुगर आणि बीपीने जाते, आणि ही दोनच कारणं आपल्याकडच्या बऱ्याच पेशंटमागे असतात. गोळीने किडनी खरी मारली असेल तर ती त्या कंबरदुखीच्या गोळीने. तू पाठवलेल्या फोटोत पाकिटावर ऍसिक्लोफिनॅक दिसतंय. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, नायमेसुलाइड ही सगळी त्याच घरातली. किडनीला रक्त कमी पडायला लागलं की शरीर काही रसायनं सोडून आत जाणारी रक्तवाहिनी उघडी ठेवतं, या गोळ्या ती रसायनंच बंद करतात. तरुण धडधाकट माणसाने दात दुखला म्हणून दोन दिवस घेतली तर काही बिघडत नाही. पण आता पप्पांचं आयुष्य डोळ्यांसमोर आण: एप्रिल-मे मधला सोलापूर जिल्हा, पायाशी तापलेलं इंजिन, मधे गाडी थांबवता येत नाही म्हणून पाणी मुद्दाम कमी प्यायचं, वर शुगर, आणि मुक्कामाला पोचल्यावर कंबर धरली म्हणून ही गोळी. आटलेल्या शरीरात ही गोळी किडनीला सगळ्यात जास्त लागते. ड्रायव्हर, गवंडी, ऊसतोड कामगार, माझ्याकडे येणाऱ्या अशा माणसांच्या खिशात हे पाकीट असतंच, आणि औषधं कुठली चालू आहेत विचारलं तर तिचं नाव कुणीच घेत नाही कारण ती 'औषधात' धरतच नाहीत. आजपासून बंद. दुखण्याला पॅरासिटामॉल चालेल, तेही डॉक्टर सांगतील तेवढंच, गुडघ्याला शेक आणि मांडीचे व्यायाम. आणि मेडिकलवाल्याला आधीच सांगून ठेवा की यांना किडनीचा त्रास आहे.

याशिवाय पण कारणं असतात. लहानपणापासूनच्या गाळण्यांच्या सुजा, घराण्यात चालणारा पाण्याच्या गाठींचा आजार, वर्षानुवर्षं अडकलेले खडे. पुरुषांत साठीला प्रोस्टेट वाढून लघवी पूर्ण बाहेर न पडणं हे एक फार साधं कारण सुटून जातं. म्हणून पप्पांची सोनोग्राफी झाली नसेल तर करून घ्या, लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरते ते पण बघायला सांगा. तिथे अडथळा निघाला तर तो काढल्यावर थोडं काम परत येऊ शकतं. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण गेल्या वर्षभरात ४६ चा ३३ झालाय ही घसरण जरा जास्तच आहे, त्यात गोळीचा, वाढलेल्या बीपीचा, कदाचित अडथळ्याचा असा सुधारता येण्यासारखा भाग असू शकतो. डोळ्याचा पडदा पण तपासा. शुगरने किडनी बिघडली असेल तर बहुतेकदा पडद्यावर पण खुणा असतात, आणि पडदा स्वच्छ निघाला तर नेफ्रॉलॉजिस्ट दुसरं कारण शोधतील.

परिणाम म्हणशील तर लोकांना वाटतं किडनी म्हणजे फक्त लघवी. लघवी तर पप्पांना भरपूर होत असेल, रात्री दोन-तीनदा उठत पण असतील, तरी किडनी अधू आहे, कारण पाणी बाहेर पडतंय पण कचरा मागे राहतोय. हिमोग्लोबिन ९.८ आहे ते बहुतेक यामुळेच, रक्त बनवायचा हुकूम देणारं हार्मोन किडनी तयार करते, ते कमी पडलं की नुसतं बीट आणि खजूर खाऊन हिमोग्लोबिन चढत नाही, लोह तपासून ते द्यावं लागतं आणि लागलं तर त्याच हार्मोनचं, एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन. व्हिटॅमिन डी कामाचं बनवते ती पण किडनी, म्हणून पुढे हाडं ठिसूळ होतात, रक्तात फॉस्फरस साठतो, अंगाला खाज सुटते. तोंडाला चव नसणं, सकाळी मळमळ, हे सहसा खूप पुढे गेल्यावर. आणि हृदय, याबद्दल कुणी बोलत नाही. या आजाराचे कितीतरी पेशंट डायलिसिसपर्यंत पोचायच्या आधीच हार्ट ॲटॅकने जातात, त्यामुळे कोलेस्टेरॉलची गोळी दिली तर ती पण 'कशाला अजून एक' म्हणून टाकू नका, आणि तंबाखू असेल तर ती सुटायलाच हवी. एसटीवाले म्हटल्यावर विचारतेच.

एक गोष्ट मात्र घरात सगळ्यांना बसवून सांग. येत्या काही महिन्यात पप्पांची शुगर कदाचित आपोआप कमी यायला लागेल आणि सगळे म्हणतील बघा, पथ्य लागू पडलं. सावध राहा. इन्शुलिन शरीरातून काढायचं काम पण किडनी करते, ती मंदावली की इन्शुलिन आणि ग्लिमेपिराइडसारख्या शुगरच्या गोळ्या अंगात जास्त वेळ टिकतात आणि पहाटे शुगर ५० वर येऊन माणूस घामाने डबडबतो, बरळायला लागतो. म्हणजे कमी झालेली शुगर ही किडनी अजून घसरल्याची खूण असू शकते, डोस कमी करायला डॉक्टरांना सांगायचं. त्यांच्या चिठ्ठीवर मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी दिवसाला दोन ग्रॅम आहे, ईजीएफआर ४५ च्या खाली गेल्यावर ते निम्मं करायचं असतं आणि ३० च्या खाली बंद. पप्पा ३३ वर आहेत, तर हे पण त्याच फोनवर विचार. आणि बार्शी म्हणजे पंढरपूर हाकेवर, एकादशी धरत असतील तर गोळ्या घेऊन उपाशी राहणं आता बंद. उपासाच्या ताटात बटाटा, रताळं आणि शेंगदाणे असतात, त्या तिन्हीत पोटॅशियम भरपूर, त्यांच्यासाठी तो उपास जास्तच जड.

यावरून शहाळ्यावर येते. शेजारचे चांगल्या मनाने सांगतायत, पण एका शहाळ्यात साधारण एका केळ्याइतकं किंवा त्याहून जास्त पोटॅशियम असतं, आणि पोटॅशियम ५.३ असलेल्या माणसाला रोज ते पाजणं धोक्याचं. पोटॅशियम सहाच्या पुढे गेलं की हृदयाचे ठोके बिघडतात आणि आधी काही लक्षण दिसेलच असं नाही. शहाळं बंद, फळांचे रस बंद, टोमॅटो-पालक बेताने, भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या आणि ते पाणी टाकून द्यायचं. सफरचंद, पपई यातली एखादी फोड चालेल. कोकणातले कुणी नातेवाईक करमल पाठवत असतील, ते कापल्यावर चांदणीसारखं दिसणारं आंबट फळ, हिंदीत कमरख म्हणतात, ते तर घरातच नको, किडनीच्या पेशंटला त्याने उचकी, झटके येऊन जीव जाऊ शकतो. दुकानात 'लो सोडियम' म्हणून मिळणारं मीठ चुकूनही आणू नका, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं. आणि सैंधव म्हणजे पण मीठच गं, ते वापरलं म्हणून जास्त चालतं असं नाही.

चार लिटर पाणी हा मुतखड्याचा सल्ला आहे, तो किडनीच्या प्रत्येक आजाराला लावतात. पायाला सूज असलेल्या माणसाला बळंच पाणी पाजलं तर ते फुफ्फुसात साठतं. तहानेप्रमाणे प्यावं, नेफ्रॉलॉजिस्ट माप सांगतील ते पाळावं. खाण्यात पहिला नंबर मीठ, दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, खारे शेंगदाणे, फरसाण सगळं आलं. सोलापूरकडच्या माणसाला शेंगाची चटणी सोडा म्हणणं मला जिवावर येतं, पण रोजच्या ताटातून ती उठवा, सणाला बघू. डाळ मात्र पूर्ण बंद करू नका, हे फार होतं, किडनी म्हटलं की घरचे वरण पण काढून घेतात आणि माणूस सुकतो. वजनाच्या किलोला ०.८ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे ७० किलोला ५६ ग्रॅम, एवढं लागतंच. एकदा किडनीचं कळणाऱ्या डाएटिशियनकडे जा, कारण शुगरचं पथ्य आणि किडनीचं पथ्य काही ठिकाणी एकमेकांच्या विरुद्ध जातं.

काढा. मी आयुर्वेदाच्या विरोधात नाही, माझ्या घरात पण च्यवनप्राशची बरणी आहे. पण ज्या बाटलीवर आत काय आहे ते लिहिलेलं नाही आणि जो माणूस गॅरंटी देतो, त्या दोघांपासून पप्पांना लांब ठेव. काही भस्मांमध्ये शिसं, पारा सापडलेला आहे, काही वनस्पतींमध्ये ॲरिस्टोलोकिक ॲसिड असतं जे सरळ किडनी खातं, आणि बहुतेक काढ्यांत पोटॅशियम किती हे वैद्यालाच माहीत नसतं. तू म्हणशील, पण मॅडम, अमक्याचं क्रिएटिनिन खरंच खाली आलं. येऊ शकतं. कडक पथ्याने माणूस वाळला, स्नायू गेले, की क्रिएटिनिन तयारच कमी होतं, आकडा सुधारतो आणि किडनी होती तशीच असते. लॅब बदलली, आदल्या रात्री मटण खाल्लं नाही, तरी दोन-तीन दशांश इकडेतिकडे होतात. जेवढा काढा पिऊन झालाय तेवढा झाला, बाटली टाकू नको, नेफ्रॉलॉजिस्टकडे जाताना बरोबर ने. तुमच्याकडून लपवालपवी झाली तर तिकडे उगाच दुसरंच कारण शोधत बसतील.

मग करायचं काय? बीपी १३०/८० च्या खाली, घरी मशीन घेऊन आठवड्यातून दोन-तीनदा मोजून वहीत लिहायचं. शुगर सांभाळून, फार खाली न ओढता. टेल्मिसार्टन. आणि एक नवी गोळी आहे, नवी म्हणजे आता फार नवी पण राहिली नाही, डापाग्लिफ्लोझिन, शुगरसाठी आली पण किडनीची घसरण मंदावते हे मोठ्या अभ्यासात दिसलं, शुगर नसलेल्या किडनी पेशंटमध्ये सुद्धा. २०२० मध्ये आपल्याकडे पेटंट संपल्यावर बऱ्याच कंपन्यांनी आणली आणि किंमत चांगलीच उतरली. पप्पांच्या ईजीएफआरला ती चालू करता येते, नेफ्रॉलॉजिस्टला स्वतःहून विचार. या दोन्ही गोळ्या सुरू केल्यावर पहिल्या महिन्यात क्रिएटिनिन थोडं वर जातं, ३० टक्क्यांपर्यंत गेलं तरी चालतं, तेव्हा घाबरून परत बंद करू नका, मामांना तर तो रिपोर्ट दाखवूच नको. उलट्या-जुलाब लागले, जेवण जात नाहीये, अशा दिवशी मात्र डॉक्टरांना विचारून या गोळ्या तात्पुरत्या थांबवतात. कुठल्या तपासणीसाठी शिरेतून डाय देऊन सीटी स्कॅन करायचा असेल तर किडनीचा त्रास आहे हे आधी सांगायचं.

वेळ किती? गेल्या तीन वर्षांच्या गतीने गेलं, वर्षाला दहा-एक, तर दोनेक वर्षांत १५ च्या खाली. पण हा हिशोब बंद गोळी, चालू पेनकिलर आणि कुणीच न वाचलेल्या प्लसचा आहे. नीट उपचारात बऱ्याच जणांची घसरण वर्षाला दोन ते चारवर येते, आणि १५ ला पोचलं की लगेच मशीन असंही नसतं, बहुतेकांना त्रास सुरू होऊन साधारण दहाच्या खाली गेल्यावर लागतं. तूच गुणाकार करून बघ, फरक वर्षांचा पडतो. शब्द मात्र मी देत नाही, तीन महिन्यांनी रेशो आणि ईजीएफआर परत केल्यावर खरी दिशा कळेल.

पप्पांना डायलिसिसबद्दल एवढंच सांग की माणूस मशीनवरून उतरत नाही कारण किडनी संपलेली असते, मशीनने सवय लावलेली नसते. ज्यांची किडनी गॅस्ट्रो, सर्पदंश किंवा लेप्टोने (लेप्टोस्पायरोसिसच्या तापाने) अचानक बंद पडते त्यातले कितीतरी जण काही दिवस डायलिसिस करून उतरतात आणि कामाला लागतात. पप्पांना लागलंच तर आठवड्यातून दोन-तीनदा, चार-चार तास. पोटातून घरच्या घरी करायचा पण प्रकार आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं आणि २०१६ पासून प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांत सेंटर झालीत, म्हणून रेशन कार्ड आणि आधारवर नाव-वय एकसारखं आहे का हे आत्ताच बघून ठेव, ऐन वेळी तिथेच अडतं. आणि एक काम जे आजपासून करायचं आणि फार थोड्या घरात होतं: पप्पा उजव्या हाताने काम करत असतील तर डाव्या हाताच्या शिरा राखायच्या. रक्त काढणं, सलाइन, सगळं उजव्या हाताच्या पंज्यावरून. पुढे कधी फिस्टुला करावा लागला, म्हणजे मनगटाजवळ शीर आणि धमनी जोडतात, तर त्याला चांगली शीर लागते आणि तो वापरायच्या दोन-तीन महिने आधी करावा लागतो. हिपॅटायटिस बीची लस पण आताच, पुढे ती कमी लागू पडते.

आईंना माझ्याकडून सांग की आत्ता किडनी द्यायची वेळ नाही. साधारण २० च्या खाली गेल्यावर ट्रान्सप्लांटची तयारी सुरू करतात, आणि जमलं तर डायलिसिस लागायच्या आधीच करता येतं. १९९४ च्या कायद्याप्रमाणे नवरा-बायको, आई-वडील, मुलं, भाऊ-बहीण हे जवळचे नातेवाईक धरतात, नंतर आजी-आजोबा आणि नातवंडं पण आली. ब्लड ग्रुप जुळला नाही तर दुसऱ्या जोडीशी अदलाबदल होते. पण आईंचं स्वतःचं बीपी, शुगर, लघवी आधी तपासा. आपल्याकडे किडनी देणाऱ्यांत बायकाच जास्त असतात, आणि पप्पांचे भाऊ असतील तर त्यांना कुणी विचारतच नाही, तुम्ही विचारा. पुण्यात आहेस तर झेडटीसीसी, म्हणजे मृत्यूनंतर मिळालेल्या अवयवांची यादी सांभाळणारं विभागीय केंद्र, तिथेच आहे, वेळ आली की हॉस्पिटलमार्फत नाव तिथे लागतं.

राहिलं दादाचं आणि तुझं. शुगरमुळे झालेला किडनीचा आजार जसाच्या तसा वारशाने येत नाही, पण शुगर आणि बीपीचा कल घराण्यातून येतो, म्हणून दोघांनी वर्षातून एकदा उपाशीपोटीची शुगर, बीपी, क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन करायचं, मिळून फार खर्च नाही. सोनोग्राफीत पप्पांच्या किडनीत पाण्याच्या गाठी निघाल्या तर मात्र गोष्ट वेगळी, तेव्हा तुम्हा दोघांची पण सोनोग्राफी लागेल, तो रिपोर्ट आला की मला परत लिही. आणि दादा जिमला जाऊन प्रोटीन पावडर घेत असेल तर आधी त्याचं बीपी मोज.